बावीसच्या पिस्तुलावर बत्तीसचं किट

प्रश्न : मी उदगीरला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. परवान्यावर दोन हत्यारं आहेत : आजोबांची बारा बोअरची दुनळी आणि एका ज्येष्ठ नेमबाजाकडून रीतसर घेतलेली जुनी वॉल्थर जीएसपी, .२२ ची (म्हणजे नळीचा बोअर इंचाच्या बावीस शतांश). आता सेंटर फायर प्रकारात, म्हणजे २५ मीटरवरच्या मोठ्या बोअरच्या पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरायचंय. दुकानदार म्हणतो, याच पिस्तुलावर .३२ चं किट (बोअर बदलणारा सुट्या भागांचा संच) चढतं. क्लबातले मित्र म्हणतात, वेगळं पिस्तूलच घ्या. काय करू?

उत्तर : सर, दुकानदार खरं बोलतोय, पण अर्धंच. माझी सगळी नोकरी पोलिसांच्या कोतमध्ये (शस्त्रागारात) हत्यारं खोलण्या-जोडण्यात गेली, त्यामुळे आधी लोखंडाचं बोलतो.

.२२ चं काडतूस कडेवर ठोका बसून उडतं, .३२ चं बुडाच्या मधोमध, म्हणून ‘सेंटर फायर’. म्हणजे नुसती नळी बदलून भागत नाही. बोल्ट, फायरिंग पिन, स्प्रिंग, मॅगझिन सगळंच बदलतं. जीएसपीची बांधणीच अशी आहे, की वरचा भाग नळीसकट उचलून दुसरा बसवता येतो. खालचा सांगाडा आणि मूठ तीच राहते. ही मूठ तुम्ही कानस आणि पुट्टी लावून आपल्या तळव्याला बसवून घेतली असणार. वेगळं पिस्तूल घेतलं तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. खटक्याची (ट्रिगर ओढायला किमान किती जोर लागावा, त्याची) अडचणही आता उरली नाही. पूर्वी सेंटर फायरला १३६० ग्रॅमचा खटका लागायचा आणि .२२ ला १०००. आता दोन्हीकडे १००० चालतो. साइट (नेम धरायची माशी) वरच्याच भागावर असेल तर एकदा लावलेला नेमही हलत नाही. तेव्हा हाताच्या दृष्टीने किट बरं. पण ते कंपनीचं, त्याच मॉडेलचं हवं. कुणी कारागीर ‘नळी बसवून देतो’ म्हणाला तर त्याच्या दुकानात चहासुद्धा घेऊ नका.

खरी मेख गोळीत आहे. आपल्याकडे ‘बत्तीस बोअर’ म्हटलं की एकच वस्तू डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि ईशापूरच्या अशनी पिस्तुलाचं वेगळं. रिव्हॉल्व्हरचं लांब, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, अशनीचं आखूड,.३२ एसीपी. तुमच्या किटला पहिलं लागतं, म्हणून तुम्ही खुशीत दुकानात जाल आणि बुडावर केएफ (खडकीच्या कारखान्याची खूण) कोरलेली काडतुसं घेऊन याल. ती मॅगझिनमध्ये जाणारच नाहीत! त्या गोळीचं नाक गोल, पुढे आलेलं. स्पर्धेच्या पिस्तुलाला वॅडकटर लागतं : सपाट तोंडाची, साधारण १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅमची) शिशाची गोळी, जी पितळी नळकांड्यात पूर्ण बुडालेली असते आणि कागदावर पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडते. हा माल आयातीचा. त्यामुळे किटचा भाव विचारण्याआधी क्लबच्या सचिवांना विचारा, की वॅडकटर वर्षाला किती मिळतील आणि कशा. स्पर्धाच साठ शॉटची आहे. सरावाला त्याच्या कितीतरी पट लागतात.

आता कागद. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारांची मर्यादा आली. तुमची दोन आजच भरली. नामांकित नेमबाजांना केंद्राने जादा हत्यारांची सवलत दिली आहे, पण त्यासाठी स्पर्धेतली कामगिरी दाखवावी लागते. ती नसेल तर दुसऱ्या पिस्तुलासाठी आजोबांची दुनळी सोडावी लागेल, किंवा घरातल्या कुणीतरी स्वतःचा परवाना काढून ती आपल्या नावावर घ्यावी लागेल. मित्र हे सांगत नाहीत.

दुकानदार सांगत नाही ते असं : किट म्हणजे सुटे भाग, त्याला परवाना कशाला, हे चूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. लातूरला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या, पिस्तुलाचा क्रमांक, किटचा बोअर, क्लबचं पत्र जोडा आणि परवान्यावर नोंद झाल्यावरच पैसे मोजा. तोंडी ‘चालतंय की’ ऐकून परत येऊ नका. २०२५ मध्ये शेजारच्या बीडमध्ये परवान्यांची कशी झाडाझडती झाली, ते तुम्ही वाचलंच असेल.

माझं मत : नोंद आणि गोळी, दोन्हींची सोय होत असेल तर किट घ्या. दोन्हींपैकी एकाची जरी होत नसेल तरी थांबा. तोवर त्याच .२२ वर स्टँडर्ड पिस्तूल प्रकार खेळा. पाच शॉटला १५०, मग २०, मग १० सेकंद. सेंटर फायरच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद पाठ फिरवून राहतं. तो हात उचलण्याचा ठेका.२२ वरही पक्का होतो. बालेवाडीला २५ मीटरची रेंज आहे, महिन्यातून एखादी खेप करा. लातूर-पुणे गाडीत हत्यार नेताना परवाना सोबत ठेवा, पिस्तूल आणि राउंड वेगवेगळ्या पेटीत.

प्रश्न : माझ्याकडे संरक्षणासाठी .३२ चं पिस्तूल आहे. ते ९ एमएमचं करून मिळेल का? (गंगाखेड)

उत्तर : नाही. ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे, आणि परवानगीशिवाय हत्याराचा बोअर बदलणं, ‘कन्व्हर्ट’ करणं, हाच शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली गुन्हा आहे. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. वर, .३२ ची बहुतेक पिस्तुलं स्लाइडच्या (मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) वजनावर आणि स्प्रिंगवरच धक्का पेलतात. ९ एमएमचा दाब त्याच्या दीडपटीहून जास्त. पहिल्याच बाराला स्लाइड तुमच्याच तोंडावर यायची.