गृहीतक, परिकल्पना की अभ्युपगम?

सांगलीच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने विचारले आहे की, ‘हायपोथिसिस’साठी, म्हणजे प्रयोगाने तपासून पाहायच्या विधानासाठी, मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा. एका पुस्तकात ‘गृहीतक’ आहे, दुसऱ्यात ‘परिकल्पना’, तिसऱ्यात ‘अभ्युपगम’, आणि मुले उत्तरपत्रिकेत तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात लिहून मोकळी होतात. ‘माझे गृहीतक सिद्ध झाले’ या वाक्याला गुण द्यावेत का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

‘गृहीतक’ हा शब्द या अर्थी चूक आहे, आणि ही चूक प्रबंधांत, व्याख्यानांत, तोंडी परीक्षांत मी इतकी वर्षे ऐकत आलो आहे की आता ती कानाला बोचते. ‘ग्रह्’ म्हणजे घेणे. ‘गृहीत’ म्हणजे घेतलेले. ‘मला गृहीत धरू नका’ असे घरातली बाई कळवळून म्हणते, तेव्हा ‘मला न विचारता माझा होकार धरून चालू नका’ एवढेच तिला सांगायचे असते. जे गृहीत धरले त्याची विचारपूस होत नाही, हा या शब्दाचा मराठीतला प्राण आहे. संशोधनाच्या आराखड्यात ‘गृहीतके’ आणि ‘परिकल्पना’ असे दोन वेगळे मथळे असतात ते याचसाठी. ‘चाचणीतील प्रश्नांना विद्यार्थी प्रामाणिकपणे उत्तरे देतात’ हे गृहीतक झाले. ते मान्य केल्याशिवाय कामच सुरू होत नाही. ‘गोंगाटात पाठ केलेले निरर्थक शब्दावयव शांततेत पाठ केलेल्यांपेक्षा कमी आठवतात’ ही परिकल्पना झाली. तिचा निकाल लावण्यासाठीच तर प्रयोग मांडलेला असतो.

शब्द चुकला की कामही कसे चुकते, याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. एका प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेला मी बसलो होतो. तासगावकडच्या एका मुलीने जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘गृहीतक – मुलांपेक्षा मुलींची स्मरणशक्ती चांगली असते.’ तक्त्यात मुली सोळा होत्या आणि मुले चौदा. दोन मुले कुठे गेली, असे विचारल्यावर ती निरागसपणे म्हणाली, “सर, त्या दोघांचे गुण फार जास्त आले होते, ते गृहीतकात बसत नव्हते.” त्या मुलीच्या मनात लबाडीचा लवलेशही नव्हता. एखादी गोष्ट गृहीत धरायला सांगितली की तिला सांभाळून घ्यायचे, हे तिला घरात आणि गावात जन्मभर शिकवलेले होते, आणि वर्गातल्या शब्दानेही तिला तेच सांगितले.

‘अभ्युपगम’ या शब्दाबद्दल मात्र मला तर्कशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तककारांशी स्पष्ट भांडायचे आहे. हा शब्द न्यायदर्शनातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला आहे. न्यायसूत्रांत सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले आहेत आणि चौथा ‘अभ्युपगमसिद्धान्त’ आहे : न तपासलेली एखादी गोष्ट तूर्त मान्य करायची आणि मग तिच्या एखाद्या विशेषाची परीक्षा करायची. या सूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने दिलेले उदाहरण बोलके आहे. शब्द म्हणजे ध्वनी हे द्रव्य आहे असे मान्य करू. आता तो नित्य की अनित्य, एवढे बघू. येथे परीक्षा कशाची चालली आहे, ते पाहावे. ‘ध्वनी द्रव्य आहे’ या अभ्युपगमाला कोणी हातही लावत नाही, तो वादापुरता बाजूला ठेवलेला आहे. तपासायचे आहे ते त्याचे नित्यत्व. म्हणजे अभ्युपगम हा आपल्या गृहीतकाचा सख्खा भाऊ ठरतो आणि ज्यांनी तो ‘हायपोथिसिस’साठी घेतला, त्यांनी न्यायशास्त्राचा मान राखताना त्याचा अर्थच उलटा केला. ‘हा शब्द आता रूढ झाला आहे’ हे उत्तर मला पुरत नाही, कारण तो फक्त पुस्तकांत रूढ आहे. वर्गाबाहेर पडल्यावर एकही विद्यार्थी तो उच्चारत नाही.

आता मूळ शब्दाकडे वळतो, कारण खरा आनंद तेथे आहे. ‘हायपोथिसिस’ हा ग्रीक शब्द ‘हुपो’ आणि ‘थेसिस’ या दोन तुकड्यांचा आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली, आणि तो आपल्या ‘उप’चा सहोदर आहे. ‘थेसिस’ म्हणजे ठेवणे. ज्या मूळ धातूपासून तो निघाला, त्याच धातूचे संस्कृतातले रूप ‘धा’, आणि त्यातून आपल्याला निधी, विधी, संधी, समाधी मिळाले. म्हणजे ‘हायपोथिसिस’चे तुकडे संस्कृतात बसवले तर शब्द होतो ‘उपधा’. हा शब्द मी बनवलेला नाही, तो दोन हजार वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे पडून आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणातला दहावा अध्याय ‘उपधां’विषयीच आहे. अमात्यांची शुचिता कशी ओळखावी, हा त्याचा विषय, आणि ती ओळखण्याच्या चार गुप्त परीक्षा तो सांगतो : धर्मोपधा, अर्थोपधा, कामोपधा आणि भयोपधा. पहिलीत राजा पुरोहिताला अपमान करून काढून टाकल्याचे नाटक करतो. मग तो पुरोहित हेरांकरवी एकेका अमात्याला शपथ घालून विचारतो की, हा राजा अधार्मिक आहे, त्याच्या जागी दुसरा बसवू. सर्वांना हे पसंत आहे, तुझे काय? जो नकार देईल तो शुद्ध. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे वाक्य वाचून थांबायला हवे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश याने 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोलीतली, प्रयोगकर्त्याला आतून सामील असलेली माणसे रेषांच्या लांबीविषयी एकमुखाने चुकीचे उत्तर देत आणि मग खऱ्या सहभागी व्यक्तीची पाळी येई. सर्वांना असे वाटते, तुझे काय? अ‍ॅशच्या अभ्यासांत सुमारे तीन चतुर्थांश सहभागी निदान एकदा तरी बहुमताबरोबर वाहवत गेले. दोन्हीकडे मांडणी तीच आहे, खोटे बहुमत उभे करून एकट्या माणसाला विचारायचे. त्याच अध्यायाच्या शेवटी कौटिल्य बजावतो की, पाण्यात विष कालवावे तसे निर्दोष माणसाला या परीक्षांनी दूषित करू नये, कारण एकदा बिघडलेल्यावर पुढे औषध सापडेलच असे नाही. सहभागी व्यक्तीला फसवून केलेल्या प्रयोगांच्या नीतीवर आज जी प्रकरणे शिकवली जातात, त्यांचा आरंभ या सूचनेने करावा असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझे मत असे की, ‘हायपोथिसिस’साठी ‘उपधा’ हा शब्द आपण धीटपणे उचलावा. त्यात परीक्षेचा अर्थ आधीपासून मुरलेला आहे, ‘गृहीत’सारखा मान्यतेचा नाही. यावर एका जाणकार स्नेह्याने हरकत घेतली की, पाणिनीच्या व्याकरणात ‘उपधा’ म्हणजे शेवटून दुसरा वर्ण. हरकत खरी आहे, पण मराठी शुद्धलेखनाच्या नियमांत त्या जागी ‘उपान्त्य’ शब्द आहे, त्यामुळे शाळेपासून ‘उपान्त्य’ शिकलेल्या मुलाचा गोंधळ होणार नाही. उपधेत कपटाची छटा आहे, ही त्यांची दुसरी हरकत. तीही मी मान्य करतो, पण कस लावण्याची छटा तिच्याहून ठळक आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेलेला खरेदीदार ढिगातले एक हळकुंड उचलतो, कट्‌कन मोडतो आणि आतला रंग पाहून मगच बोली लावतो. वरची चकाकी पाहून हळद चांगली असल्याचे तो गृहीत धरत नाही. हे मोडून पाहणे ज्या शब्दात ऐकू येते, तो शब्द विद्यार्थ्याच्या हाती द्यायला हवा.

तोवर परीक्षेपुरता ‘परिकल्पना’ हाच शब्द वापरावा, हे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. त्यातला ‘क्लृप्’ धातू रचणे, जुळवणे या अर्थाचा आहे आणि रोजच्या बोलण्यातला कोणताही अर्थ त्याला चिकटलेला नसल्याने तो निदान दिशाभूल करत नाही. ‘शून्य परिकल्पना’ म्हणजे ‘नल हायपोथिसिस’ शिकवताना मात्र एक काळजी घ्यावी. ही संज्ञा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याने 1935 च्या आपल्या ग्रंथात वापरली. तेथे चहाचे आठ पेले आहेत. चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, आणि चवीवरून फरक ओळखता येतो असा दावा करणारी एक बाई. तिला काहीच ओळखता येत नाही, ही तेथली शून्य परिकल्पना. ती खरी असेल, तर आठही पेले नुसत्या अंदाजाने बरोबर सांगण्याची शक्यता सत्तरांत एक. अशी परिकल्पना कधीच सिद्ध होत नाही, फार तर खोडली जाते, हे फिशरने तेथेच स्पष्ट केले आहे. हिंदी पुस्तकांतला ‘निराकरणीय परिकल्पना’ हा शब्द उच्चारायला जड असला, तरी हा अर्थ ‘शून्य’पेक्षा अधिक नेमका पोचवतो. मराठीत ‘शून्य’ ऐकून मुले फक्त ‘फरक शून्य’ एवढेच समजतात, आणि ती परिकल्पना खोडण्यासाठी मांडलेली आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

आता गुणांचे. ‘माझे गृहीतक सिद्ध झाले’ या वाक्यात दोन चुका आहेत, संज्ञेची आणि क्रियापदाची, आणि दुसरी अधिक गंभीर आहे. तीस मुलांच्या एका चाचणीने काहीही सिद्ध होत नाही. ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात आला’ किंवा ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असेच लिहायला शिकवावे. संज्ञा चुकली तर अर्धा गुण कापावा. ‘सिद्ध झाले’ लिहिले तर त्या वाक्याला गुण देऊ नये, आणि उत्तरपत्रिका परत देताना विद्यार्थ्याला तक्त्यात किती जण होते ते मोजायला सांगावे.