‘आणेवारी’तला आणा

‘खेडा सत्याग्रहाविषयी वाचताना “पीक चार आण्यांहून कमी आले” असे वाक्य आढळले, पीक चार आण्यांना विकले गेले, असा याचा अर्थ घ्यायचा का? आणि आणे चलनातून गेले तरी “आणेवारी” हा शब्द अजून कसा वापरतात?’ असे आपण विचारले आहे.

येथे बाजारभावाचा काहीही संबंध नाही. पुरते पीक म्हणजे रुपया, अर्थात सोळा आणे, असे धरायचे आणि शेतात प्रत्यक्ष आलेले पीक त्याच्या कितव्या हिश्श्याचे आहे ते आण्यांत सांगायचे, अशी ही महसुली रीत होती. म्हणून चार आणे पीक म्हणजे पंचवीस टक्के पीक. ‘सोळा आणे खरे’ म्हणताना आपणही सोळा आणे हे पूर्णत्वाचेच माप मानतो. आणेवारीतली ‘वारी’ म्हणजे टक्केवारी, वर्गवारी, क्रमवारी या शब्दांत दिसते तीच.

खेडा जिल्हा आज गुजरातेत असला तरी तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे तेथे आणि आपल्याकडे महसुलाचा कारभार एकाच कायद्याने चाले. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षाच्या शेतसाऱ्याची वसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. १९१७ मध्ये अतिवृष्टीने पिके बुडाली. पीक चार आण्यांच्या आत आहे, असे शेतकरी सांगत होते. सरकारी आकडा मात्र चार आण्यांच्या वर होता. लवाद नेमून आणेवारी तपासावी, ही मागणीही सरकारने मानली नाही. २२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथे गांधीजींनी सत्याग्रह सुरू केला, तो या आकड्यावरून. म्हणून या लढ्याला नुसते ‘करबंदी’ म्हणणे मला अपुरे वाटते. शेतकऱ्यांनी ‘सूट’ मागितलीच नव्हती, ‘तहकुबी’ मागितली होती, आणि हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. सूट म्हणजे सारा कायमचा सोडणे. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. सरकारने जिल्हाभर साऱ्याच्या दुसऱ्या हप्त्याची वसुली तहकूब केली तर ऐपतदार आपला सारा भरतील, असे सत्याग्रहींनी घेतलेल्या प्रतिज्ञेतच म्हटले होते.

सरकारचे उत्तर जप्तीचे होते. अंमलदारांनी गुरे विकली, हाती लागेल ती चीजवस्तू उचलली, दंडाच्या नोटिसा बजावल्या आणि काही ठिकाणी उभ्या पिकावरही जप्ती आणली. असेच एक कांद्याचे शेत अन्यायाने जप्त झाले, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने मोहनलाल पंड्या आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यातला कांदा काढून नेला. त्यांना शिक्षा झाली आणि लोकांनी पंड्यांना ‘डुंगळीचोर’ ही पदवी दिली. गुजरातीत डुंगळी म्हणजे कांदा. सरकारदरबारी जी चोरी ठरली तिचेच नाव लोकांनी मानाने मिरवावे, यात मला त्या लढ्याचे सारे तेज दिसते. अखेर जूनमध्ये, ऐपतदारांनी भरणा केल्यास गरिबांना तहकुबी मिळेल, असे नडियादच्या मामलेदाराकडून कळले आणि लढा थांबला.

आता दुसरा प्रश्न. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि कागदोपत्री ‘पैसेवारी’ हा शब्द रुळला. आज महाराष्ट्रात नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा पायऱ्यांनी ती जाहीर होते, आणि ५० पैशांच्या आतले गाव टंचाईच्या सवलतींसाठी विचारात घेतले जाते. रीत तीच राहिली, फक्त रुपयाचे भाग सोळाऐवजी शंभर झाले. ‘आणेवारी ५० पैशांच्या आत’ हा प्रयोग त्यामुळे विसंगत वाटतो खरा, पण मी त्याला चूक म्हणणार नाही, कारण ‘आणेवारी’ हे आता मापाचे नव्हे, मोजण्याच्या क्रियेचे नाव झाले आहे. सरकारी अर्जात मात्र ‘पैसेवारी’च लिहावे, कारण सातबाऱ्याच्या संदर्भात ‘आणेवारी’ म्हणजे सहहिस्सेदारांचा जमिनीतला वाटा, असाही अर्थ होतो आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ शकतो.