पदविकेला शिकवत राहिलो, तर कारकीर्द खुंटेल का?

अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन पदविका देणाऱ्या तंत्रनिकेतनात (पॉलिटेक्निकमध्ये) रुजू झालेले अनेक शिक्षक माझ्याकडे सल्ल्यासाठी एकच काळजी घेऊन येतात. बरोबरीचे मित्र अभियांत्रिकी महाविद्यालयांत सहयोगी प्राध्यापक झाले, कोणी परदेशात संशोधन करीत आहेत आणि आपण मात्र दहावी उत्तीर्ण मुलांना लेथ आणि ड्रॉइंग शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवीत आहोत, तर आपली कारकीर्द इथेच खुंटली का, असा त्यांचा प्रश्न असतो. अशाच एका अधिव्याख्यात्यांचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून येथे मांडत आहे.

हे सर पश्चिम महाराष्ट्रातील एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतात. एम.टेक. त्यांनी पुण्याच्या सीओईपी या जुन्या अभियांत्रिकी संस्थेतून केले. पहिल्या भेटीला त्यांच्या पत्नी सोबत होत्या आणि सुरुवातीला त्याच अधिक बोलल्या. हे घरी आल्यावर कोणाशी बोलत नाहीत, रात्री उशिरापर्यंत जागे असतात आणि लग्नकार्याला यायचे टाळतात, असे त्यांनी सांगितले. टाळण्याचे कारण सरांनी स्वतः सांगितले. प्रत्येक समारंभात कोणी ना कोणी काका, मामा "अजून डिप्लोमालाच का?" असे विचारतात आणि त्यावर काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही, असे ते म्हणाले.

अशा वेळी मी दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा प्रयत्न करते. माणसाला खरोखर दुसरे काम हवे आहे की हातातल्या कामाची लाज वाटते आहे, हे आधी समजले पाहिजे. दोन्हींमध्ये अस्वस्थता सारखीच दिसते, पण त्यांवरचे उपाय परस्परांच्या अगदी उलट आहेत. ज्याला औष्णिक अभियांत्रिकीत किंवा पदार्थविज्ञानात खोलवर संशोधन करायचे आहे, त्याने प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक जिथे असतील तिथे जावे, त्याला थांबवून ठेवण्यात काही हशील नाही. म्हणून मी सरांना विचारले की, उद्या याच वेतनावर अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली, तर इथले काय सुटल्याचे तुम्हाला वाईट वाटेल? तोवर खाली मान घालून बसलेले हे गृहस्थ त्यानंतर बराच वेळ वर्कशॉपबद्दल बोलत राहिले.

त्यांचा विषय होता फोर-जॉ चक. लेथवर जॉब, म्हणजे कापून घडवायचा धातूचा तुकडा, धरून फिरवणाऱ्या या चकचे चारही जबडे स्वतंत्रपणे सरकतात, त्यामुळे त्यात जॉब मध्यावर बसवणे हे कौशल्याचे काम असते. विद्यार्थ्याने चक हाताने फिरवत, जॉब मध्यापासून किती ढळला आहे हे दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा पाहायचा, एक जबडा सैल करून समोरचा आवळायचा आणि काटा स्थिर होईपर्यंत हे करीत राहायचे. सरांचे म्हणणे असे होते की, परीक्षेत तयार जॉब व्हर्नियर या मापनसाधनाने मोजला की माप तेवढे कळते, पण जॉब मुलाने स्वतः बसवला की शेजारच्या मित्राने बसवून दिला, हे त्यातून कळत नाही. म्हणून त्यांनी एक निरीक्षण तक्ता तयार केला होता. आधी समोरचा जबडा सैल केला का, काटा वाचून किती सरकवायचे याचा अंदाज घेतला की नुसतेच चाचपडत राहिला, मशीन सुरू करण्यापूर्वी चकची किल्ली काढून ठेवली का, अशा नोंदी त्यात होत्या. चकमध्ये राहिलेली किल्ली मशीन सुरू होताच उडून समोरच्याला लागू शकते, हे मला त्या दिवशी प्रथमच समजले. हा तक्ता जवळच्या आयटीआयमधील (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील) निदेशकांनीही, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांनीही, मागून नेला होता. सर मात्र त्याचा उल्लेख "असाच एक कागद" असा करीत होते.

माझ्या मते त्या कागदात संशोधनाचा एक पूर्ण विषय दडलेला होता. हाताचे कौशल्य विश्वासार्हपणे कसे मोजावे आणि तोच तक्ता वापरून दोन परीक्षक सारखेच गुण देतात का, हे प्रश्न तंत्रशिक्षण या स्वतंत्र ज्ञानशाखेचे आहेत आणि त्यांची उत्तरे ज्याने वर्षानुवर्षे वर्कशॉपमध्ये मुलांचे हात पाहिले आहेत त्यालाच नीट शोधता येतील. आपल्या देशात या कामाची निकडही मोठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाज दिला आहे. त्यानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होते, तर जर्मनीत ते ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. ही दरी भरून काढायची तर उत्तम अभ्यासक्रम, मूल्यमापन आणि शिक्षक घडवणारी माणसे लागतील आणि ती अभियांत्रिकी जाणणाऱ्यांमधूनच यावी लागतील.

पुढच्या भेटीत आम्ही इतिहासाकडे वळलो. ज्या सीओईपीच्या पदवीचा सरांना अभिमान होता, ती संस्था १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणारा वर्ग आणि यंत्रशाळा म्हणून सुरू झाली होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले, तेव्हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून देण्याचा ध्यास घेतला होता. अलीकडचे उदाहरण डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेल्या या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करीत तंत्रज्ञान शिकवण्याची पद्धत घडवली.

यावर सर पटकन म्हणाले, "मॅडम, ते कलबाग होते." त्यांचे म्हणणे रास्त होते. थोरांची उदाहरणे आधीच खचलेल्या माणसावर दडपण आणू शकतात, त्यामुळे ती बाजूला ठेवून आम्ही त्यांच्या आवाक्यातील पावलांकडे आलो.

आजवर तयार केलेली प्रयोगपुस्तिका, तक्ते, अभ्यासक्रमाच्या बैठकांतील सहभाग, निदेशकांसाठी घेतलेली सत्रे यांतले काहीच त्यांनी तारीखवार नोंदवून ठेवले नव्हते. पदोन्नतीच्या मुलाखतीत असे काम कोणाला दिसत नाही आणि काही वर्षांनी ते करणाऱ्यालाही आठवत नाही. म्हणून पहिले काम ही नोंद लिहून काढण्याचे ठरले. केंद्र शासनाने १९६० च्या दशकात भोपाळ, चंदीगड, चेन्नई आणि कोलकाता येथे तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी संस्था स्थापन केल्या. त्यांपैकी भोपाळची संस्था महाराष्ट्रातील शिक्षकांसाठी काम करते. तिथे अभ्यासक्रमरचना आणि मूल्यमापन यांचे प्रशिक्षण सरांनी घ्यावे, असे मी सुचवले. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते, हे त्यांना माहीत नव्हते. अभियांत्रिकी शिक्षणावरील संशोधनाला वाहिलेले एक नियतकालिक सांगली जिल्ह्यातील राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंग्रजीत निघते, हे ऐकून मात्र त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. एवढ्या जवळ आपल्या विषयाचे लोक आहेत, याचा त्यांना धीर वाटला असावा.

या वाटेची किंमतही मी त्यांच्यापासून लपवली नाही. तंत्रनिकेतनात अध्यापनाचे तास अधिक असतात, प्रवेश प्रक्रिया आणि परीक्षांची कामे वेगळी, विभागप्रमुखांच्या जागा मोजक्या आणि यंत्र अभियंत्याने शिक्षणशास्त्रात संशोधन करावे हे अनेक वरिष्ठांना आजही पटत नाही. या साऱ्याचा विचार करून निर्णय घ्यायचा होता आणि तो पत्नीसह घ्यावा असा माझा आग्रह होता, कारण पीएच.डी.चा काळ त्या घराला मिळून काढावा लागणार होता. त्या म्हणाल्या, "यांनी घरी येऊन त्या चकबद्दल बोलले तरी चालेल, पण बोलावे."

सरांनी तो तक्ता आपल्या आणि शेजारच्या संस्थेतील परीक्षकांना वापरायला दिला. दोघांच्या गुणांत कुठे आणि का फरक पडतो हे तपासून त्यांनी पहिला शोधनिबंध लिहिला आणि त्याच प्रश्नावर पीएच.डी.साठी नोंदणी केली. पदोन्नती अजून झालेली नाही आणि नातेवाइकांचा प्रश्नही थांबलेला नाही. मात्र मागच्या भेटीत त्यांनी सांगितले की, एका मुंजीत मामांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा आपण काय तपासतो आहोत हे त्यांनी मामांना समजावून सांगितले आणि साखर कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेल्या मामांनी आपल्या काळी उमेदवारांची परीक्षा कशी घेत, हे सविस्तर ऐकवले. त्यातल्या दोन गोष्टी सर आता तक्त्यात घालून पाहणार आहेत.