खेळाचं विचारा : एका टीमला दोन क्वार्टरबॅक कशाला?

प्रश्न : सर, माझी मुलगी अमेरिकेत एम.एस. करते. तिथल्या कॉलेज फुटबॉलचं तिला वेड लागलंय. शनिवारी सामना झाला की रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर मला आणि तिच्या बाबांना सगळं ऐकावं लागतं. सध्या ती चिडलेली असते, कारण त्यांचा कोच दोन क्वार्टरबॅक आळीपाळीने खेळवतो, एकालाही सेट होऊ देत नाही म्हणे. आम्ही आपलं 'हो का, हो का' करतो. पण दोन चांगले खेळाडू असतील तर दोघांना खेळवण्यात वाईट काय? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पुढच्या रविवारी 'हो का' म्हणू नका, तिलाच उलट विचारा, ''दोघांना कामं वेगवेगळी दिलीत, की एकाच कामावर दोघं?'' पोरगी दोन मिनिटं गप्प बसेल बघा. कारण सगळी गोम तिथेच आहे.

आधी खेळ थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा जण हल्ल्याला, समोर अकरा अडवायला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. प्रत्येक प्रयत्नाला मधला गडी दोन पायांतून चेंडू मागे देतो, तो घेणारा क्वार्टरबॅक. समोरची रचना बघून, फेकायचा, दुसऱ्याच्या पोटात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. चेंडू थांबला की गडी कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे नियमाने दोन काय, तीन क्वार्टरबॅकही चालतील.

तरी तिथे एक म्हण रूढ आहे, की ज्याच्याकडे दोन क्वार्टरबॅक, त्याच्याकडे एकही नाही. मला ती अर्धीच पटते. न पटणारी अर्धी म्हणजे 2006 सालचा फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ. कोच अर्बन मायर. मुख्य क्वार्टरबॅक ख्रिस लीक, शेवटच्या वर्षाचा, शांत डोक्याचा, फेकी करणारा. त्याच्या हाताखाली टिम टीबो, पहिल्याच वर्षाचा, अंगाने रेड्यासारखा, डावखुरा. सामना लीकचा. दोन-तीन यार्डच हवेत आणि समोर माणसांची भिंत आहे, अशा वेळी टीबो आत यायचा आणि डोकं खाली घालून घुसायचा. तो आला म्हणजे धावणार, हे सगळ्या स्टेडियमला माहीत, समोरच्यांनाही माहीत. तरी त्या मोसमात त्याने 469 यार्ड धावून काढले.

आणि ऑक्टोबरात लुइझियाना स्टेटविरुद्ध काय केलं, तर गोलरेषेच्या अगदी तोंडाशी चेंडू घेतला, नेहमीसारखा भिंतीकडे दोन पावलं धावला, समोरचे सगळे त्याच्या अंगावर यायला पुढे सरसावले, आणि हा गडी जागच्या जागी उडी मारून त्यांच्या डोक्यावरून चेंडू मागच्या मोकळ्या गड्याकडे टाकून मोकळा! टचडाउन, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार. हा व्हिडिओ मुलीकडून मागून घ्या, बाबांनाही दाखवा. जानेवारी 2007 मध्ये अंतिम सामन्यात याच जोडीने ओहायो स्टेटला 41-14 असं धुतलं. लीकने त्या सामन्यातही 25 फेकी अचूक दिल्या.

कबड्डीवाल्यांना हे लगेच कळेल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. ती करायला आपण नेहमीच्या चढाईपटूला पाठवतोच असं नाही. पार्क मैदानावर माझ्याकडे एक काटकुळा पोरगा होता. एरवी सामनाभर कोपऱ्यात उभा, पण तिसऱ्या चढाईला मी नुसतं त्याच्याकडे बघितलं की चड्डी वर ओढून निघायचा. मुख्य चढाईपटूला त्याचा राग नव्हता, कारण कोणाचं काम काय हे दोघांना सरावातच माहीत होतं.

आता पटणारी अर्धी. कोच तेच, अर्बन मायर. साल 2015, संघ ओहायो स्टेट. आधीच्या वर्षी त्यांचा पहिला क्वार्टरबॅक मोसमाआधीच जखमी झाला, दुसरा जे. टी. बॅरेट मोसमभर खेळला आणि मिशिगनविरुद्ध घोटा मोडून बसला, मग तिसरा कार्डेल जोन्स उभा राहिला आणि त्याने विस्कॉन्सिन, अलाबामा, ओरेगन असे तिघांना हरवून अजिंक्यपद आणून दिलं. पुढच्या वर्षी जोन्सही हजर, बॅरेटही बरा. आता कोणाला बसवणार? मायरने सुरुवात जोन्सकडून केली, पण तो जरा चुकला की बॅरेट, मग पुन्हा जोन्स. मग ऑक्टोबरात वाटणी झाली, की मैदानाच्या मधल्या भागात जोन्स आणि शेवटच्या वीस यार्डांत बॅरेट. ही वाटणी बरी चालली, कारण निदान कामं वेगळी झाली. पण थोड्याच दिवसांत बॅरेटला पूर्णवेळ दिलं, मग त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली, जोन्स परत. एवढं सगळं होऊन संघ मोसमात एकच सामना हरला, मिशिगन स्टेटशी 17-14. पण त्या एकाने अजिंक्यपदाचा रस्ता बंद झाला. हातात एवढं सोनं असून!

यात नुकसान नेमकं कुठे होतं, ते टीव्हीवर दिसत नाही. ते सरावात होतं. मोसमात कॉलेजच्या खेळाडूंना आठवड्याला 20 तासच खेळासाठी देता येतात, नियम आहे तसा. त्यातले पहिल्या फळीबरोबरचे डाव दोघांत वाटले की दोघांचाही हात अर्धाच बसतो. चेंडू झेलणाऱ्याला क्वार्टरबॅकच्या फेकीचा वेग, उंची, कुठल्या पावलाला चेंडू सुटणार हे अंगात मुरवावं लागतं. एक उजवा आणि एक डावखुरा असला तर अजून मजा. चेंडूची फिरकी उलटी होते, झेलणाऱ्याच्या बोटांना ते लगेच कळतं. शिवाय उजव्या हाताचा फेकताना डावीकडे पाठ करतो, डावखुरा उजवीकडे. म्हणजे पाठ राखणारा गडीही बदलला. एकाला बदललं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात दहा जणांचं काम थोडं थोडं हलतं.

पुढे अमेरिकेतला सगळ्यांत नावाजलेला क्वार्टरबॅक झालेला टॉम ब्रॅडीसुद्धा यातून गेलाय. 1999 मध्ये मिशिगन विद्यापीठात कोच लॉइड कार सामन्याचा पहिला क्वार्टर, म्हणजे पाव भाग, ब्रॅडीला, दुसरा ड्रू हेन्सनला द्यायचे आणि मध्यंतरात बघून उरलेला सामना कोणाचा ते ठरवायचे. माझ्या मते ही सगळ्यांत वाईट पद्धत. दोघंही मध्यंतरापर्यंत परीक्षेला बसल्यासारखे खेळणार. धोका कोण पत्करेल? मोसमाच्या मध्यानंतर ब्रॅडीच पूर्णवेळ झाला, आणि 1 जानेवारी 2000 ला ऑरेंज बाउल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात त्याने अलाबामाविरुद्ध 369 यार्डांच्या फेकी करून 35-34 असा सामना काढला.

माझ्या नियमाला चपराक देणारं एक उदाहरण मात्र आहे, ते लपवत नाही. नोव्हेंबर 1997, फ्लोरिडाचे कोच स्टीव्ह स्परिअर. समोर अपराजित फ्लोरिडा स्टेट. स्परिअरनी डग जॉन्सन आणि नोआ ब्रिंडिस यांना जवळपास प्रत्येक प्रयत्नाला बदललं. एक आत, एक बाहेर कोचच्या शेजारी. पुढचा डाव कानात ऐकायचा आणि आत पळायचं. काम दोघांचं एकच! आणि 32-29 ने जिंकले की हो. शेवटी जॉन्सनची एक लांब फेक 63 यार्ड गेली आणि तिथून फ्रेड टेलरने सामना संपवला. मला यात दिसतं ते असं, की त्या दिवशी खरा क्वार्टरबॅक स्परिअरच होते, पोरं निरोप्याचं काम करत होती. 2024 पासून तिथल्या कॉलेजांना हेल्मेटमधून बोलायची सोय दिलीय, त्यामुळे आता निरोप न्यायला दुसरा माणूस लागत नाही.

तर ताई, मुलीचा कोच ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी बदल करत असेल तर तिला म्हणावं, धीर धर. एक चूक झाली की बदल, असं असेल तर तिचं चिडणं रास्त आहे. आणि रविवारची वाट कशाला बघता? तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी बाराचा सामना ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होतो, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. जेवणं उरकून शेंगदाणे फोडत बसा.

प्रश्न : मग हॉकीत आपण श्रीजेश आणि कृष्ण बहादूर पाठक यांना क्वार्टर वाटून गोलमध्ये उभं करायचो, ते कसं चालायचं? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर : चालायचं, कारण हल्ल्याची प्रत्येक चाल गोलकीपरच्या हातून सुरू होत नाही. तो बदलला तरी पुढच्या फळीची लय तशीच राहते. पण ऑलिंपिकला सोळा जणांत मावायचं असतं, तेव्हा टोकियोत आणि पॅरिसमध्ये गोल श्रीजेशनेच राखला. दोन्हीकडे कांस्य.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजच्या क्रिकेट संघात विकेटकीपर आहे. सर एक सामना त्याला, एक दुसऱ्याला देतात. तो कॉलेज बदलायचं म्हणतोय. काय करावं? – एक पालक, होटगी रोड

उत्तर : त्याला जेलन हर्ट्सची गोष्ट सांगा. अलाबामाचा क्वार्टरबॅक. जानेवारी 2018 च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला 13-0 ने मागे होते, तेव्हा कोच निक सेबन यांनी सगळ्या देशासमोर त्याला बसवलं आणि तुआ टागोवायलोआ या पोराला उतरवलं. त्याने सामना 26-23 असा जिंकूनही दिला. हर्ट्स कॉलेज सोडणार असं सगळे धरून चालले होते. तो राहिला. डिसेंबरात त्याच अटलांटाच्या मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध तुआ जखमी झाला, संघ मागे होता, हर्ट्स शेवटच्या क्वार्टरला उतरला. एक टचडाउन फेकून, एक पळून, 35-28. मग पदवी घेतली आणि ओक्लाहोमाला गेला. 2025 चा सुपर बाउल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, त्याने फिलाडेल्फियाच्या संघाला जिंकून दिला, सामनावीरही तोच.

गेला तो, पण पदवी हातात घेऊन गेला. तुमच्या मुलाचं कुठलं वर्ष आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. शेवटचं असेल तर टी.सी.ची भाषा बंद करा. पहिलं-दुसरं असेल तर आधी सरांना भेटून विचारा, की हे असंच चालणार की मोसमाच्या मध्यात एक नक्की करणार? ग्लोव्ह्ज नसतील त्या दिवशी नुसता फलंदाज म्हणून खेळवाल का, हेही विचारा. नेटमध्ये सध्या तो कितव्या नंबरला बॅटिंगला जातो? सातव्या-आठव्याला जात असेल तर भांडण कीपिंगचं नाही, बॅटिंगचं आहे, आणि ते कॉलेज बदलून सुटणार नाही.