स्कीइंगच्या क्लासला घालायचंय, पण मूल रडलं तर?

हिवाळ्याच्या सुट्टीचं बुकिंग करायची वेळ आली की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. बर्फात जायचं ठरलंय, मुलं लहान आहेत, त्यांना स्कीइंग शिकवायचंय. ग्रुप क्लास घ्यावा की स्वतंत्र प्रशिक्षक? अर्धा दिवस की पूर्ण? आणि मग, खुर्चीतून उठता उठता, खरी काळजी बाहेर येते: "रडला तर काय करायचं?"

सुट्टीतल्या क्लासबद्दल समुपदेशकाला काय विचारायचं, असं काहींना वाटेल. मला तो प्रश्न अजिबात किरकोळ वाटत नाही. अनोळखी जागा, कदाचित न कळणारी भाषा, पायात जड बूट, पायाखालून निसटणारा उतार आणि आईबाबा नजरेआड. चार-पाच वर्षांच्या जिवाला एका सकाळी हे सगळं एकदम पेलायचं असतं.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा सात वर्षांचा, मुलगी साडेचार. आदल्या वर्षी मुलाला ग्रुपमध्ये घातलं होतं. पहिल्याच सकाळी तो रडला, बाबांनी त्याला बाहेर काढलं आणि "मीच शिकवतो" म्हणून स्वतः शिकवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दोघंही फुगून हॉटेलवर परत. यंदा पुन्हा जायचं होतं, आणि क्लास कुठला यावरून घरात वाद पेटला होता.

"मॅडम, त्याला ग्रुप झेपत नाही," आई म्हणाली. "स्वतंत्र इन्स्ट्रक्टर घेतला तर त्याच्याकडे नीट लक्ष तरी राहील."

"अजून किती लक्ष द्यायचं?" बाबा म्हणाले. "मी दोन तास उताराच्या कडेच्या जाळीपाशी उभा होतो. जागचा हललो नाही. त्याला एकटं वाटू नये म्हणून."

ते हे अगदी प्रेमाने सांगत होते, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण ती जाळी माझ्या मनात राहिली. पुढच्या भेटींत मी मुलाशी बोलले, आणि एकदा त्याला तो उतार काढून दाखवायला सांगितलं. त्याने नारिंगी जाळी काढली. मुलांना वर नेणारा, जमिनीलगत सरकणारा पट्टा काढला. ठिपक्यांएवढी मुलं काढली. आणि जाळीपाशी एक माणूस काढला, कागदावरच्या सगळ्यांपेक्षा मोठा.

"हे कोण?"

"बाबा."

"काय करतायत?"

"बघतायत." बराच वेळ तो बर्फाच्या कडेने निळा रंग देत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "मी पडलो ना, की बाबा असं करायचे." त्याने ओठ घट्ट आवळले आणि डोळे बारीक केले. "मग मला रडू यायचं."

"पडल्यावर लागायचं का?"

"नाही. बर्फ मऊ असतो."

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे, आणि त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. त्याने आपणहूनच पुढचं सांगितलं: बाकीची मुलं पडली की हसायची, तो पडला की आधी जाळीकडे बघायचा.

मूल नव्या, थोड्या धोक्याच्या प्रसंगात सापडलं की ते आधी आपल्या माणसाचा चेहरा वाचतं. १९८५ साली जेम्स सॉर्स, जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभराच्या बाळांवर केलेला प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. काचेचं टेबल, काचेखाली अचानक साधारण ३० सेंटिमीटर खोली असल्याचा भास, पलीकडे आई. आईने आनंदी चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. खोली दोन्ही वेळा तेवढीच होती.

सात वर्षांचा मुलगाही उतारावर तेच करत होता. पडणं म्हणजे काय, हे तो जाळीपलीकडच्या चेहऱ्यावर वाचत होता, आणि तिथे दर वेळी काहीतरी वाईट घडल्याचं दिसत होतं.

पुढच्या भेटीत, मुलाला विचारून, मी ते चित्र आईबाबांसमोर ठेवलं. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे मी जवळ राहून त्याला घाबरवत होतो?"

"तो पडला की तुमच्या मनात काय यायचं?"

"सगळे शिकतील आणि हा मागे राहील." आणि मग, हळू आवाजात, "लागेल वगैरे नाही. मागे राहील, हेच."

तिथून पुढे क्लास निवडणं सोपं झालं. मूल आणि त्याचं जवळचं माणूस यांच्यातल्या बंधाचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांवर वाढलेली मी समुपदेशक आहे. परत यायची जागा पक्की ठाऊक असली की मूल लांब जायला धजतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. ती जागा सतत समोर उभी असावी लागत नाही. "तुझा क्लास संपला की मी या लाल पाटीपाशी असेन" एवढं सांगून निघायचं आणि ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी पाटीपाशी हजर व्हायचं. न सांगता, लपून सटकायचं नाही. तसं सटकलात तर दुसऱ्या दिवशी मुलाला सोडताना तुम्ही दमाल.

आता ग्रुप की स्वतंत्र. सगळ्यांना स्वतंत्र प्रशिक्षक जास्त सुरक्षित वाटतो, पण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला तिथे निरखणारा अजून एक मोठा चेहरा मिळतो. लहान ग्रुपमध्ये सगळेच पडतात, त्यामुळे पडणं ही बातमी राहत नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला तासभर बर्फात खेळणं, स्की घालून सपाटीवर दोन पावलं टाकणं पुरे, आणि तिथे स्वतंत्र प्रशिक्षकच बरा. चार ते सहा वयाला सकाळचा अर्धा दिवस. दुपारनंतर पाय दमतात, अंग गार पडतं आणि शिकणं थांबतं. पूर्ण दिवसाचा क्लास सातच्या पुढे, तोही मधे नीट विश्रांती असेल तर.

स्की स्कूलला फोन करून मी सांगते ते प्रश्न विचाराच. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती मुलं? गट वयावरून पाडता की स्कीइंग किती येतं यावरून? नवशिक्यांची जागा वेगळी, कुंपणाची आहे का? मूल रडलं तर कधी फोन करता, शू लागली तर कोण नेतं? आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा: आठवडाभर तोच प्रशिक्षक राहील का? रोज नवा माणूस आला तर मुलाचा विश्वास रोज शून्यापासून सुरू होतो. मुलाला प्रशिक्षकाच्या भाषेतले थंडी, दुखतंय, शू हे तीन शब्द आधीच शिकवून ठेवा.

"नको" म्हणण्यामागे कित्येकदा फक्त बूट असतो. आत एकच पातळ लांब मोजा, पँटचं टोक बुटाबाहेर. हेल्मेट डोक्यावर हलता कामा नये. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही हवंच, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो. सुरुवातीला काठ्या देत नाहीत म्हणून तक्रार करू नका, लहान मुलांना तोल आधी शिकवतात. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करणं, थांबणं, हे पहिल्या दिवसांचं सगळं शिक्षण. तेवढं जमलं तरी खूप आहे.

या कुटुंबाने मुलाला सकाळच्या लहान ग्रुपमध्ये घातलं, मुलीला पहिले दोन दिवस तासभर स्वतंत्र प्रशिक्षक. बाबा पाटीपाशी सोडून खरोखर निघून गेले, दुसऱ्या उतारावर. तिसऱ्या दिवशी मुलगा आपला आपण थांबायला शिकला होता. मुलीला मात्र त्या सरकत्या पट्ट्याचंच वेड लागलं. ती आठवडाभर वर जात राहिली, खाली येताना निम्मा वेळ बर्फात बसून खेळली, आणि आईने तिला तसं खेळू दिलं.

दुसऱ्या सकाळी मूल जायला नकार देईल, हे धरूनच चाला. पहिल्या दिवशी ते उत्सुकतेवर निभावतं, दुसऱ्या दिवशी त्याला ठाऊक असतं की तुम्ही जाणार आहात. तेव्हा वाटाघाटी करू नका, बक्षीस कबूल करू नका. बूट टोचतोय का, थंडी वाजली का, कुणी ओरडलं का, हे विचारा. कारण सापडलं तर दूर करा. सापडलं नाही तर "आज अर्धा तास जा, मग पाटीपाशी भेटू" म्हणा, आणि अर्ध्या तासाने पाटीपाशी असा. तरीही हुंदके थांबत नसतील, घास उतरत नसेल, रात्री झोप उडाली असेल, तर क्लास सोडा आणि घसरगाडी घ्या. पुढच्या वर्षी उतार तिथेच असेल.