घरी बडबड, शाळेत गप्प

प्रश्न : पुण्याहून बर्लिनला येऊन तीन महिने झाले. आमची सात वर्षांची मुलगी घरी अखंड बोलते. शाळेत मात्र एक शब्दही नाही आणि डबाही तसाच परत येतो. घरी मराठी बंद करावी का?

उत्तर : मुळीच करू नका. नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुले काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. त्या काळात ती ऐकत असतात, शब्द साठवत असतात, आणि तुमच्या मोडक्यातोडक्या जर्मनपेक्षा (राग मानू नये) घरातली सकस मराठीच त्यांना अधिक उपयोगी पडते. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तेव्हा घाई नाही. डब्याचे मात्र आधी पाहा : मेथीच्या भाजीच्या वासाने शेजारच्या बाकावर कुणी नाक मुरडले का, हे वर्गशिक्षिकेला विचारा. आणखी काही महिन्यांनीही ती बोलली नाही, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.