विषय राहू दे, प्रश्न सांग

निकाल लागले की सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच चिंता नव्या नव्या तोंडून येते. "मॅडम, मला दोन विषय आवडतात. दोन्हीकडं गेले तर कुठलीच राहणार नाही ना?"

तासगावकडची ही मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी, पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा स्वतःच शिकलेली. चुलत्यांनी ऐकवलेलं, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' ते तिच्या मनात घट्ट बसलेलं. तीन भेटी 'झाडं की कॉम्प्युटर' यातच गेल्या.

चौथ्या वेळी मी म्हटलं, "विषय राहू दे. तुला छळणारा प्रश्न सांग."

तिनं वहीतून द्राक्षाचं वाळकं पान काढलं. वर पिवळा डाग, पालथं केल्यावर मळकट पांढरी बुरशी. "डाऊनी रोग. पाऊस झाला की पप्पा फवारणी घेतात. पण पान किती तास ओलं राहतं, त्यावर बरंच ठरतं. ते मोजता आलं तर उगाचची फवारणी वाचेल." अर्धा तास बोलली, मग एकदम थांबली. "मॅडम, हे एका विषयात बसतंय कुठं?"

"मग 'एकच विषय निवडायलाच पाहिजे' हे कुणी ठरवलं?"

त्या 'च'पाशी आम्ही बराच वेळ थांबलो. परिस्थितीपेक्षा असला 'च' माणसाला जास्त अडकवतो, हे मी १८ वर्षं बघतेय. तो सुटताना तिचे खांदे खाली आलेले मला स्पष्ट दिसले.

मग तिला वेंकटरामन रामकृष्णन यांच्याबद्दल सांगितलं. फिजिक्समध्ये पीएच.डी. झाल्यावर ते पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवरच्या कामासाठी २००९ चं नोबेल मिळालं, ते रसायनशास्त्राचं.

अशा मुलांना माझं सांगणं असं. पाळंमुळं एका विषयात ठेवा, कारण नोकरीच्या जाहिरातीत 'संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी' मागतात आणि प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षाही विषयानुसारच असते. दुसऱ्या विषयात पंडित होऊ नका, त्या विषयातल्या माणसाशी बोलता येईल इतकं शिका. त्याच्याकडं जाताना नुसती आवड नको, नेमका प्रश्न न्या. आणि मोजणी कुणी करायची, संशोधनाच्या पेपरवर नावं कुणाची, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा. यावरून चांगल्या मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्यात.

ती इलेक्ट्रॉनिक्स विभागात पान घेऊनच गेली. तिथल्या एका मुलानं ओलाव्याचा सेन्सर जुळवून दिलाय. ऑक्टोबर छाटणी झाली की तो चुलत्यांच्याच बागेत लावायचा आहे.